नैराश्य आणि विचारांची धाटणी : आधी काय, नंतर काय?

ताणाच्या काळात उमटणारे नकारात्मक विचार हे नैराश्याचे केवळ लक्षण आहेत की ते नैराश्य ओढवून आणण्यास हातभारही लावतात, हा प्रश्न मानसशास्त्राला काही दशके पुरला.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक नैराश्यग्रस्त रुग्णांच्या स्वप्नांचा अभ्यास करत होते. नैराश्य म्हणजे स्वतःवरच उलटलेला राग, हे मनोविश्लेषणाचे (मनात दडलेल्या भावनांचा शोध घेणाऱ्या उपचारपद्धतीचे) गृहीतक त्यातून सिद्ध होईल, अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु स्वप्नांत रागाऐवजी हानी, अपयश आणि अव्हेर हेच वारंवार आढळले, आणि जागेपणीच्या बोलण्यातही तोच सूर होता. मी कुचकामी आहे, जग माझ्यावर उठले आहे, पुढेही काही बरे होणार नाही, अशा त्रिसूत्रीने रुग्ण प्रत्येक घटनेचा अर्थ लावतो, असे बेक यांनी १९६०च्या दशकातील लेखनात मांडले.

बेक यांच्या मांडणीवरचा आक्षेप रास्त होता : खचलेला माणूस खचल्यासारखा विचार करणारच. शिवाय ताण काल्पनिक नसतो. लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांचा संशोधक जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी केलेला अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. गंभीर आघात आणि मन मोकळे करण्यास जवळचे माणूस नसणे यांचा नैराश्याशी असलेला संबंध त्याने दाखवून दिला. विचारांच्या धाटणीबद्दल बोलताना हे विसरले, तर रुग्णालाच दोषी धरले जाते, आणि तो घोर अन्याय आहे.

आधी काय, हे ठरवायचे तर ताण येण्यापूर्वीचे मोजमाप हाती असावे लागते. ते योगायोगाने मिळाले. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी सॅन फ्रान्सिस्को परिसराला लोमा प्रिएटा भूकंपाचा हादरा बसला, आणि त्याच्या १४ दिवस आधीच मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी तेथील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती, तसेच मन उदास झाले की ते काय करतात, हे प्रश्नावलीने नोंदवून ठेवले होते. भूकंपानंतर १० दिवसांनी आणि ७ आठवड्यांनी त्यांनी पुन्हा पाहणी केली. ज्यांना भूकंपाची झळ अधिक बसली, त्यांचा त्रास १० दिवसांनी वाढलेला होता, हे स्वाभाविकच. पण जे आधीपासून काहीसे उदास होते आणि त्या उदासीचाच काथ्याकूट करत बसण्याची ज्यांना सवय होती, त्यांची नैराश्याची लक्षणे ७ आठवड्यांनंतरही अधिक होती.

पुढे मानसशास्त्रज्ञ लॉरेन अलॉय आणि लिन अब्रामसन यांनी अमेरिकेतील टेम्पल आणि विस्कॉन्सिन या विद्यापीठांत त्या वेळी नैराश्य नसलेल्या, पण नकारात्मक धाटणीने विचार करणाऱ्या नवागत विद्यार्थ्यांचा सुमारे अडीच वर्षे मागोवा घेतला. तशी धाटणी नसलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात नैराश्याचे प्रमाण स्पष्टपणे अधिक निघाले.