जठरधारक बहुवारिक औषधवितरण

तोंडावाटे घेतलेले औषध जठरातून लगेच लहान आतड्यात उतरू न देता तेथेच काही तास थोपवून धरणाऱ्या आणि हळूहळू मोकळे करणाऱ्या पद्धतींना जठरधारक औषधवितरण म्हणतात. औषध धरून ठेवण्याचे काम त्यांत मुख्यतः बहुवारिके, म्हणजेच लांब साखळीच्या रेणूंचे पदार्थ (पॉलिमर), करतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूच्या संसर्गावर ही पद्धत वापरण्याचा विचार सर्वाधिक झाला आहे, कारण या रोगात औषध पोचण्याची जागा आणि ते टिकण्याचा काळ यांवरच बरेचसे यश अवलंबून असते.

नाशिकमध्ये पोटाच्या वरच्या भागातील जळजळीला सर्रास ‘पित्त’ म्हटले जाते आणि दोष बहुधा मिसळीच्या तर्रीला दिला जातो. तिखटाने त्रास वाढू शकतो, परंतु जठरव्रणाची प्रमुख कारणे दोन : हा जीवाणू आणि वेदनाशामक गोळ्यांचे दीर्घ सेवन. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे 1982 मध्ये हा जीवाणू वेगळा करून वाढवला. 1984 मध्ये मार्शल यांनी त्याचे संवर्धन स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. या शोधासाठी दोघांना 2005 चे नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्येच या जीवाणूला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले होते.

हा सर्पिल आकाराचा जीवाणू यूरिएज या एंझाइमाने यूरियापासून अमोनिया बनवतो, त्यामुळे त्याच्याभोवतीचे आम्ल उदासीन होते, आणि कशाभिकांच्या, म्हणजे चाबकासारख्या शेपट्यांच्या, साहाय्याने तो जठराच्या अस्तरावरील श्लेष्म्यात, म्हणजे बुळबुळीत थरात, खोल शिरतो. आम्लस्राव रोखणारे औषध आणि दोन प्रतिजैविके, बहुधा क्लॅरिथ्रोमायसिन व अमॉक्सिसिलिन, 14 दिवस देणे हा रूढ उपचार होय. क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारे जीवाणू वाढल्याने अनेक ठिकाणी बिस्मथासह चार औषधांची योजना करावी लागते. अडचण अशी की साधी गोळी उपाशीपोटी तास-दोन तासांत जठराबाहेर पडते, क्लॅरिथ्रोमायसिन तीव्र आम्लात झपाट्याने विघटित होते, आणि अमॉक्सिसिलिनचा परिणाम त्याची मात्रा क्षणभर किती वाढली यापेक्षा ती पुरेशा पातळीवर किती वेळ राहिली यावर ठरतो.

यावर बहुवारिकांचे उपाय वेगवेगळ्या तत्त्वांवर चालतात. तरंगणाऱ्या गोळीत हायड्रॉक्सिप्रोपिल मिथाइल सेल्युलोज हे पाण्याने फुगणारे बहुवारिक आणि खाण्याचा सोडा एकत्र असतात. आम्लाशी संयोग होऊन सोड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड फुगलेल्या लगद्यात अडकतो आणि गोळी जठररसापेक्षा हलकी होऊन वर तरंगते. तपकिरी समुद्री शैवालातून मिळणाऱ्या सोडियम अल्जिनेटाचे थेंब कॅल्शियम क्लोराइडाच्या द्रावणात सोडले की औषध आत सामावलेले मणी तयार होतात. सर्वांत लक्षवेधी आहे ते कायटोसान. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांतील कायटिनापासून ते बनते. आम्लात त्याच्या अमाइन गटांवर धन भार येतो आणि ऋण भाराच्या श्लेष्म्याला ते चिकटते, म्हणजे जीवाणू लपतो त्या थरापर्यंतच औषध नेऊन ठेवते. मात्र तीव्र आम्लात कायटोसान स्वतःच विरघळत असल्याने त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडून घ्याव्या लागतात किंवा त्याला अल्जिनेटाची जोड द्यावी लागते. कायटोसानाच्या अतिसूक्ष्म कणांना फ्यूकोज ही शर्करा जोडून ते थेट जीवाणूलाच चिकटवण्याचे प्रयोगही झाले आहेत.

बी. फार्म.च्या सातव्या सत्रात हा विषय शिकवला जातो. नाशिकमध्ये आडगाव व पंचवटी भागांत औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत. अशा गोळीची प्राथमिक परीक्षा साध्या उपकरणावर होते : 37 अंश सेल्सिअसला ठेवलेल्या 900 मिलि. 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात गोळी टाकून ती किती वेळात वर येते, किती तास तरंगते आणि दर तासाला किती औषध सुटते हे मोजतात. हे आकडे उपयोगी असले तरी त्यांवर फार विसंबता येत नाही. उपाशी जठरात साधारण दीड ते दोन तासांनी उठणारी आकुंचनाची जोरदार लाट न पचलेल्या वस्तू पुढे ढकलते, आणि ही लाट प्रयोगाच्या चंचुपात्रात (बीकरमध्ये) नसते. गोळी तरंगण्यासाठी जठरात पुरेसा द्रव लागतो, म्हणून ती जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घेणे इष्ट असते. चिकटणाऱ्या कणांची मर्यादा वेगळी : श्लेष्म्याचा थर काही तासांत झडून नवा येतो आणि त्याबरोबर औषधही निघून जाते. फुगणे, तरंगणे आणि चिकटणे यांची सांगड घालण्याकडे संशोधकांचा कल आहे तो यामुळेच.

ही पद्धत इतर रोगांवरील औषधांत बाजारात पोचली आहे. पार्किन्सन रोगावरील लिव्होडोपाची तरंगणारी कॅप्सूल आणि दिवसातून एकदा घ्यायची सिप्रोफ्लॉक्सासिनची जठरधारक गोळी ही त्याची उदाहरणे होत. हेलिकोबॅक्टर पायलोरीच्या नित्य उपचारात मात्र अजून साध्या गोळ्या-कॅप्सूलच वापरल्या जातात. दोन आठवड्यांचा क्रम बरे वाटू लागताच मध्येच सोडला तर उरलेले जीवाणू प्रतिरोधक होण्याची भीती असते. उपचार संपल्यानंतर किमान चार आठवड्यांनी श्वासाची यूरिया चाचणी किंवा विष्ठेतील प्रतिजन (जीवाणूचे अंश) शोधणारी चाचणी करून संसर्ग गेल्याची खात्री केली जाते.