धार पडते, तरी आउटबोर्ड का तापतं?

होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या आउटबोर्ड इंजिनातून पाण्याची बारीक धार पडताना दिसली की होडीवाला निर्धास्त होतो. पण ती धार एवढंच सांगते, की पंप पाणी वर चढवतोय. ते सिलिंडरभोवतीच्या सगळ्या वाटांतून फिरतंय की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. उलट धार बंद पडली म्हणजे पंप गेलाच, असंही नाही. तिच्या तोंडाशी मीठ नाहीतर वाळू अडकते. जाड तंगुसाचा (नायलॉनच्या दोऱ्याचा) तुकडा आत सारून पाहावा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

म्हणून आधी पाहायचं ते, इंजिन नेमकं कधी तापतं. मंद गतीत तापत असेल आणि थ्रॉटल दिल्यावर थंड होत असेल, तर संशय इम्पेलरवर. हा पाण्याच्या पंपातला रबरी चक्राकार भाग गिअरकेसच्या (इंजिनाच्या पाण्यातल्या खालच्या भागाच्या) माथ्यावर बसतो आणि त्याच्याभोवतीचा कप मुद्दाम एका बाजूला सरकवलेला असतो. कमी वेगात पाती कपाच्या भिंतीला घासत, वाकत-सरळ होत पाणी ढकलतात. वेग वाढला की ती भिंतीपासून सुटतात आणि पुढचं काम केंद्रोत्सारी बळ करतं. पाती झिजली किंवा वाकलेलीच राहिली, तर पहिली पद्धत आधी निकामी होते.

फुल थ्रॉटलवरच तापत असेल, तर पाणी घ्यायची जाळी अर्धी बुजली आहे का ते बघा. प्लास्टिकची पिशवी हा नेहमीचा गुन्हेगार. इंजिन ट्रान्समवर (होडीच्या मागच्या फळीवर) फार उंच बसवलं असेल तरी जाळी पाण्याबरोबर हवा ओढते. पंख्याच्या वर इंजिनाला असलेली आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा दोनेक सेंटिमीटर खाली हवी. टू-स्ट्रोकमध्ये कार्बोरेटरचा जेट (इंधनाचं बारीक छिद्र) चोंदून इंधन कमी पडलं, तर पाणी व्यवस्थित फिरत असूनही पिस्टन जळू शकतो.

कुठल्याही वेगात तापत असेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, बंद अवस्थेत अडकला असावा. तो काढून दोरीने पातेल्यातल्या पाण्यात टांगा, शेजारी थर्मामीटर सोडा आणि पाणी हळूहळू तापवा. बहुतेक आउटबोर्डचा थर्मोस्टॅट ५० ते ६० अंशांच्या आसपास उघडायला लागतो, मोटारीचा मात्र ८० च्या पुढे. कारण समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियमचे काही क्षार पाणी तापेल तसे कमी विरघळतात आणि गरम भिंतीवरच थर धरतात. ‘थर्मोस्टॅट काढून टाका, इंजिन थंड राहील’ हा सल्ला मात्र वाईट. तसं केलं तर इंजिन कामाच्या तापमानाला नीट पोचत नाही, आणि क्षार साचले असतील तर ते तसेच राहतात. क्षार काढायला व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडचं सौम्य द्रावण वापरा. संडास धुण्याचं ॲसिड ॲल्युमिनियम खातं.

इम्पेलर बदलताना गिअरकेसचे बोल्ट काढण्याआधी गिअरचा रॉड सोडवा. काही मॉडेलमध्ये एक बोल्ट ट्रिम टॅब नावाच्या छोट्या पंखीखाली लपलेला असतो. तो राहून गेला तर ठोकाठोक करून गिअरकेस निघणार नाही, फुटेल मात्र. जुन्या इम्पेलरचं एखादं पातं गायब असेल, तर ते शोधल्याशिवाय जोडणी करू नका. तुकडा वर पाण्याच्या नळीत किंवा थर्मोस्टॅटपाशी जाऊन अडकतो आणि नवा पंप टाकूनही इंजिन तापतंच. कपावर नखाला लागणारे ओरखडे असतील तर कपही बदला. इम्पेलरला शाफ्टवर अडकवणारी छोटी चावी (की) जागेवर आहे ना, ते बघा. रबराला साबणाचं पाणी लावा, ऑइल नको. शाफ्ट त्याच्या चालण्याच्या दिशेनेच फिरवत इम्पेलर कपात उतरवा, म्हणजे पाती योग्य बाजूला वाकतील. गिअरकेस वर चढवताना पाण्याची नळी तिच्या रबरी वाटीत नीट बसायला हवी. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

वाळू उडणाऱ्या उथळ मुखात, मालवणकडच्या देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते तशा ठिकाणी, पाती लवकर झिजतात. तिथे वर्षाला एक इम्पेलर हा खर्च धरूनच चाला. इंजिन कोरडं मात्र क्षणभरही फिरवू नका. पाणी हेच इम्पेलरचं वंगण असतं.

भर समुद्रात इंजिन तापल्याचा बझर वाजला तर थ्रॉटल एकदम खाली आणा. धार येत असेल तर न्यूट्रलमध्ये दोन-तीन मिनिटं थांबा. नसेल तर इंजिन लगेच बंद करून नांगर टाका, इंजिन वर उचला आणि जाळी मोकळी करा. तापलेल्या सिलिंडर हेडवर थंड पाणी ओतू नका, ते तडकू शकतं.