युवक उपक्रमांसाठी शासकीय अनुदान: मंडळांचे अर्ज नेमके कुठे अडतात

पुण्यातील मंडळे, तालमी आणि प्रतिष्ठाने वर्षभर तरुणांसाठी अभ्यासिका चालवतात, गडांवर पदभ्रमण मोहिमा नेतात, कबड्डीचे संघ घडवतात. त्यांतील अनेकांचे अनुदानाचे अर्ज उपक्रम कमी पडला म्हणून नव्हे, तर संस्थेची कागदपत्रे अपुरी होती म्हणून परत येतात. जाहिरात निघाल्यावर अर्ज भरायला बसणारी मंडळे यात हमखास सापडतात, कारण अडणारे बहुतेक कागद मिळायला काही महिने लागतात आणि अर्जाची मुदत मात्र काही आठवड्यांचीच असते.

स्थानिक संस्थांना साधारणपणे दोन वाटा असतात. राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाकडून व्यायामशाळा आणि क्रीडांगण विकासासाठी अनुदान मिळते. केंद्राच्या युवा व्यवहार व क्रीडा मंत्रालयाचा राष्ट्रीय युवा व किशोर विकास कार्यक्रम 2008 पासून आहे आणि तो नेतृत्वविकास, साहसी उपक्रम, राष्ट्रीय एकात्मता शिबिरे यांसारख्या कामांसाठी आहे. संचालनालय म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडा संकुलात असल्यामुळे अनेक कार्यकर्ते अर्ज घेऊन थेट तिथे जातात. व्यायामशाळा व क्रीडांगणाचा अर्ज मात्र जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा असतो.

सर्वांत मोठा गैरसमज नोंदणीबद्दल आहे. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय कार्यालयाकडून कलम 41-क खाली मिळणारी तात्पुरती परवानगी म्हणजे संस्थेची नोंदणी नव्हे. पोलिसांचा मंडप परवानाही नोंदणी नव्हे. अनुदानासाठी 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालील प्रमाणपत्र आणि 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालील प्रमाणपत्र, ही दोन्ही लागतात, आणि त्यांचे क्रमांक वेगवेगळे असतात. अशा संस्थेचा विश्वस्त नोंदणी क्रमांक ‘एफ’ अक्षराने सुरू होतो. अर्जात एकाच्या रकान्यात दुसरा क्रमांक लिहिला, तर पडताळणीत तो जुळत नाही आणि अर्ज तिथेच थांबतो.

आता ज्या कागदावर सर्वाधिक अर्ज अडतात, त्याबद्दल सविस्तर. अर्जासोबत परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील विश्वस्त नोंदवहीचा, उतारा मागितला जातो. कार्यकर्त्यांच्या बोलण्यात तो ‘शेड्यूल वन’ असतो. या उताऱ्यावर ज्यांची नावे आहेत, तेच कायद्याच्या दृष्टीने संस्थेचे विश्वस्त. मंडळात दर काही वर्षांनी नवे अध्यक्ष, नवे सचिव येतात, जुने पदाधिकारी गाव सोडतात, काही दिवंगत होतात. पण धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करण्याचे राहून जाते. मग अर्जावर सही आजच्या अध्यक्षांची आणि उताऱ्यावर नावे वीस वर्षांपूर्वीच्या कार्यकारिणीची, अशी स्थिती होते. विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 नुसार कोणताही बदल झाल्यापासून 90 दिवसांत कळवावा लागतो आणि ही मुदत बदलाच्या तारखेपासून, म्हणजे सर्वसाधारणपणे निवड झालेल्या सभेच्या दिवसापासून मोजली जाते. इतिवृत्त लिहिले त्या दिवसापासून किंवा वकिलांकडे कागद दिले त्या दिवसापासून नाही. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत द्यावा लागतो. मधल्या दोन-तीन कार्यकारिणींचे बदल नोंदलेच नसतील, तर प्रत्येक बदलाचा अर्ज क्रमाने द्यावा लागतो. थेट आजच्या कार्यकारिणीवर उडी मारता येत नाही.

बदल अर्ज रेंगाळतात हे सर्वांना ठाऊक आहे, आणि एका शासकीय कार्यालयातला विलंब दुसऱ्या शासकीय कार्यालयात अर्जदाराचा दोष ठरावा हे अन्यायाचेच आहे. तरीही एक उपाय हातात आहे. 2017 च्या दुरुस्तीनंतर बदल तात्पुरता स्वीकारण्याची तरतूद झाली आहे. तसा आदेश मिळवावा आणि उताऱ्यासोबत जोडावा. तोही मिळाला नसेल, तर दाखल केलेल्या बदल अर्जाची पोच, निवडीचा ठराव आणि सभेची नोटीस या तिन्हींच्या प्रती जोडाव्यात. काही अधिकारी त्या स्वीकारतात, काही नाहीत; पण काहीच न जोडणाऱ्याचा अर्ज मात्र नक्कीच परत येतो.

‘तीन वर्षे’ ही अट केंद्राच्या कार्यक्रमासह अनेक योजनांत आहे आणि तीही चुकीची वाचली जाते. संस्थेने तीन वर्षे काम केले एवढे पुरेसे नसते. नोंदणीला तीन वर्षे झालेली असावी लागतात आणि लेखापरीक्षण झालेले तीन वर्षांचे अहवालही मागितले जातात. जानेवारी 2023 मध्ये नोंदलेल्या संस्थेचा पहिला ताळेबंद जेमतेम दोन-तीन महिन्यांचा असतो, तो पूर्ण वर्ष म्हणून धरला जाईल असे गृहीत धरू नये. हिशेब 31 मार्चला मिटवून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, तपासून घ्यावेत. तीन वर्षांचे अहवाल एकाच आठवड्यात सनदी लेखापालाकडून करून घेतले की त्यांवरच्या तारखा ते आपोआप सांगतात.

संस्थेच्या घटनेतील उद्देशही एकदा वाचून पाहावेत. उत्सव साजरा करणे एवढाच उद्देश लिहिलेला असेल, तर युवक विकासाचे अनुदान मागण्याला आधार उरत नाही. उद्देश बदलण्यासाठी एक महिन्याच्या अंतराने दोन विशेष सभा आणि दोन्हींत तीन पंचमांश बहुमत लागते, हे लक्षात घेऊन आधीच सुरुवात करावी.

व्यायामशाळेच्या अर्जात जागेचा कागद हा स्वतंत्र अडथळा आहे. पेठांमध्ये सातबारा शोधत फिरू नये, तिथे नगर भूमापनाची मिळकत पत्रिका लागते. मिळकतकराची पावती मालकी सिद्ध करत नाही. अकरा महिन्यांचा भाडेकरारही चालत नाही, नोंदणीकृत दीर्घ मुदतीचा करार हवा. तालीम महापालिकेच्या जागेवर असेल, तर मालमत्ता विभागाचे पत्र सर्वांत आधी मागावे, कारण तेच सर्वांत उशिरा येते.

उरलेले सोपे आहे: संस्थेच्या नावाचे पॅन आणि बँक खाते, नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरील क्रमांक, कार्यक्रमाचे अंदाजपत्रक, मागील उपक्रमांची छायाचित्रे. मात्र प्रत्येक कागदावर संस्थेचे नाव अक्षरशः सारखे असावे. एका ठिकाणी ‘मित्र मंडळ’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘मित्र मंडळ ट्रस्ट’ असेल, तर त्या दोन वेगळ्या संस्था मानल्या जातात.

लाभार्थ्यांची यादी करताना वय तपासावे. राज्याच्या 2012 च्या युवा धोरणात तरुण म्हणजे 13 ते 35 वर्षांचे. केंद्राच्या कार्यक्रमात युवा 15 ते 29 आणि किशोर 10 ते 19 वर्षांचे. राज्याच्या अर्जासाठी केलेली यादी केंद्राच्या अर्जाला तशीच जोडली, तर तिशी ओलांडलेली नावे अपात्र ठरतात.

पूर्वी अनुदान घेतले असेल, तर त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, दिल्याशिवाय नवा अर्ज पुढे सरकत नाही. केंद्राच्या अनुदानासाठी ते वित्तीय नियमांतील नमुना 12-अ मध्ये, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यावे लागते, आणि अनुदानाच्या रकमेवर बँकेत जमा झालेले व्याजही शासनाला परत करायचे असते. म्हणून अनुदानासाठी वेगळे खाते उघडावे. वर्गणीच्या खात्यात पैसे मिसळले, की हे व्याज वेगळे काढणे खजिनदाराला फार जड जाते.