शेजारचा हसला, मला काटा आला

गेल्या नोव्हेंबरात इफ्फीला, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, पणजीच्या आयनॉक्समध्ये रात्रीचा शेवटचा खेळ पाहिला. बरोबर फोंड्याची मावशी आणि तिचे शेजारी, निवृत्त मास्तर. चित्रपट मनोवैज्ञानिक भयपट या सदरातला, आणि दिसायला अतिशय देखणा. हिरवट भिंती, लांबच लांब वाड्यासारखं घर, जिथे तिथे आरसे आणि त्यात एकटी राहणारी बाई. भूत नाही, रक्त नाही, पार्श्वसंगीतही जवळजवळ नाही. ती बाई वेडी होतेय की घरात खरंच कुणी आहे, हे शेवटपर्यंत कळत नाही.

मला पडद्यापेक्षा प्रेक्षकांतच जास्त रस वाटू लागला. मागची कॉलेजची पोरं भलत्या जागी खिदळत होती. पुढचं एक जोडपं अर्ध्यावर उठून गेलं. मास्तरांनी खुर्चीचा हात असा धरला होता, जणू कदंबा बस खांडेपारच्या वळणावर आहे. माझ्या हातावर दोनदा काटा आला. आणि मावशी बाहेर येताच म्हणाली, "म्हाका कांयच कळ्ळें ना. दोन तास फुकट गेले."

एकच पडदा, एकच अंधार, मग इतकी तऱ्हा का?

तोंडं वेगळं बोलत असली तरी शरीरं कदाचित एकच बोलत असतात. जर्मनीत माइन्झ शहरातल्या माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेच्या जोनाथन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २०१३-१४च्या हिवाळ्यात चित्रपटगृहातून बाहेर टाकल्या जाणाऱ्या हवेची सतत तपासणी केली. १६ चित्रपट, साडेनऊ हजारांच्या आसपास प्रेक्षक. उत्कंठेच्या प्रसंगांना हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि आयसोप्रीन हा वायू वाढत होता, आणि त्याच चित्रपटाच्या पुढच्या खेळालाही त्याच प्रसंगांना वाढत होता. आयसोप्रीन आपल्या स्नायूंत साठलेला असतो. आपण दचकलो, आखडलो, नुसती बूड हलवून बैठक बदलली तरी तो रक्तात येतो आणि उच्छ्वासातून बाहेर पडतो. म्हणजे 'मला काही भीतीबिती वाटली नाही' असं सांगणाऱ्याचीही चहाडी हवा करते.

नाटक पाहणाऱ्या आपल्या पूर्वजांना शरीराची ही भाषा ठाऊक होती. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव, म्हणजे शरीरावर उमटणारे भाव, सांगितले आहेत: स्तंभ (ताठरणं), स्वेद (घाम), रोमांच (काटा), स्वरभंग, वेपथु (थरथर), वैवर्ण्य (रंग उडणं), अश्रू, प्रलय (शुद्ध हरपणं). भरतमुनींनी ही यादी नटासाठी केली, पण आयनॉक्सच्या त्या रांगेत तिच्यातले निदान तीन तरी प्रेक्षकांत हजर होते. मास्तरांचा स्तंभ, माझा रोमांच, आणि मावशीचे ओलसर तळवे, जे तिने पदराला पुसताना मी पाहिले. (हे तिला सांगितलेलं नाही.) रोमांच म्हणजे केसांच्या मुळाशी असलेल्या चिमुकल्या स्नायूंचं आकुंचन. मांजर कुत्र्यापुढे फुलतं तेच हे. आपली लव गेली, सवय राहिली.

दचकणं मात्र भीतीहून वेगळं. धाडकन दार आपटलं की २० ते ५० मिलिसेकंदांत पापण्या मिटतात. हा निरोप मेंदूच्या देठातूनच परत फिरतो, विचार करणाऱ्या भागाला खबर लागेपर्यंत आपण उडालेले असतो. म्हणून स्वस्त भयपटांना आवाजाची टूम पुरते. पण माणूस अंधारात उजेडापेक्षा जास्त जोराने दचकतो हेही प्रयोगांतून दिसलं आहे, तेव्हा दिवे मालवणारा कर्मचारी दिग्दर्शकाचं थोडं काम आधीच करून ठेवतो. डोळे मिटून सुटका होत नाही, कारण कानांना पापण्या नाहीत. डॅनियल ब्लमस्टीन हे मार्मोट या खारीच्या कुळातल्या प्राण्याच्या भयसूचक हाकांचे अभ्यासक. घाबरलेल्या प्राण्याचा आवाज फाटतो, चिरकतो, कर्कश होतो. २०१०मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १०२ चित्रपटांचे ध्वनी तपासले, तर भयपटांत असेच फाटके आवाज आणि किंकाळ्या ठिकठिकाणी पेरलेल्या सापडल्या.

आमच्या चित्रपटात यातलं काहीच नव्हतं. तरी हवा जड झाली होती. का?

पावसाळ्यात कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, काम केलेल्याला हे समजवायला फार वेळ लागणार नाही. बांधावरचा सुटलेला चिरा उचलताना खाली काय असेल, या विचाराने श्वास आपोआप अडतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात २०१६मध्ये असाच खेळ ४५ जणांना संगणकावर खेळायला लावला. पडद्यावर दगड, खाली साप आहे की नाही ते ओळखायचं, साप निघाला की हाताला विजेचा दुखरा झटका. घाम आणि बुबुळांचा आकार मोजला. सर्वांत जास्त ताण कधी आला, तर शक्यता निम्मी-निम्मी असताना. झटका बसणारच हे पक्कं ठाऊक असताना ताण त्याहून कमी होता. साप दिसला की माणूस काठी शोधतो. साप आहे की नाही हेच कळेना, तर काठी कशासाठी शोधायची?

देखणा मनोवैज्ञानिक भयपट आपल्याला दोन तास या निम्म्या-निम्म्यावर उभा करून ठेवतो. मेंदूचं रोजचं कामच पुढच्या क्षणाचा अंदाज बांधणं. पाऊल टाकण्याआधी त्याने पायरीची उंची धरलेली असते. इथे कॅमेरा आरशावर इतका वेळ रेंगाळतो की अंदाज बांधला जातो, पण खरा-खोटा ठरत नाही. मग ज्याचा तो आपापली वाट काढतो. पोरांचं खिदळणं हा मला चक्क झडपेतून सुटलेल्या वाफेचा प्रकार वाटतो. उठून गेलेल्या जोडप्याने दगड उचललाच नाही.

न्यूयॉर्कमधल्या उरी हॅसन आणि सहकाऱ्यांचं २००८चं काम इथे आठवतं. प्रेक्षकांना एमआरआय यंत्रात झोपवून दृश्यं दाखवली. हिचकॉकने दिग्दर्शित केलेला दूरचित्रवाणीचा एक भाग बघताना मेंदूच्या बाह्य पटलाच्या ६५ टक्क्यांहून अधिक भागात सगळ्यांची हालचाल सारखी होती. बागेतली विनासंपादित चित्रफीत बघताना ती ५ टक्क्यांच्याही आत. हिचकॉक प्रेक्षकाला बोट धरून नेतो, बाग सोडून देते. आमचा चित्रपट या दोहोंच्या मधे कुठेतरी असावा, हा माझा आडाखा: भीती सगळ्यांना दिली, तिचं कारण ज्याचं त्याने शोधायचं. म्हणून बाहेर आल्यावर एवढी भांडणं.

आणि लोक पैसे देऊन हे का करतात? डेन्मार्कमध्ये वेय्ले इथल्या एका भुताळी घरात ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले, २०२०मध्ये निष्कर्ष आले. भीती अगदी कमी तर मजा नाही, अती झाली तरी नाही, मधे एका टप्प्यावर सर्वांत जास्त. हा टप्पा प्रत्येकाचा निराळा. पेडण्यात दशावतार बघायला पुढे बसलेली पोरं आठवा. काळा संकासूर लाल जीभ लोंबवत आला की आईच्या मांडीत तोंड खुपसायचं, आणि एका डोळ्याने बघायचं. किती घाबरायचं ते मूल स्वतः ठरवत असतं. थिएटरात मावशीला मांडी कुठली मिळणार?

जाता जाता एक गंमत. भीतीने रक्त गोठतं असं आपण म्हणतो, तर नेदरलँड्समधल्या लायडनच्या डॉक्टरांनी २४ निरोगी तरुणांना भयपट दाखवून ते तपासलंही. रक्त गोठवणारा एक घटक, फॅक्टर आठ, वाढला. प्रत्यक्ष गुठळ्या होण्याची प्रक्रिया मात्र सुरू झाली नाही. वाक्प्रचार निम्मा खरा.

त्या रात्री आम्ही गाड्यावर रस ऑम्लेट खाल्लं. मास्तर बाईला वेडी ठरवत होते, मी घराला दोष देत होतो, मावशी पाव बुडवत गप्प होती. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तिचा फोन आला.

"अरे, त्या आरशात भिंतीवरचं घड्याळ दिसायचं ना? आकडे उलटे नव्हते रे त्यातले."