पितळी पुंगळी
पितळी पुंगळी म्हणजे काडतुसाचं ते पिवळं नळकांडं, बुडाला ठिणगी पाडणारी कॅप, आत दारू आणि तोंडाशी गोळी बसवलेली. खान्देशात हा विषय घरचाच आहे, कारण भुसावळ तालुक्यातल्या वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी १९६४ पासूनची, रायफलची काडतुसं तिथे बनतात, २०२१ मध्ये ऑर्डनन्स बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या केल्या तेव्हा ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. म्हणून पुंगळीतलं पितळ जाऊन तिथे दुसरं काही येणार का हा प्रश्न इकडे पोटापाण्याचाही आहे.

पुंगळी म्हणजे नुसती डबी नाही. बार उडाला की ती क्षणभर फुगून चेंबरला, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या खोबणीला, घट्ट चिकटते म्हणजे गॅस मागे येत नाही, आणि प्रेशर उतरलं की लगेच आक्रसते म्हणून सहज बाहेर निघते, शिवाय जाताना बरीच उष्णताही घेऊन जाते. ७० टक्के तांबं नि ३० टक्के जस्त, या मिश्रणाला हे फार छान जमतं. बनवताना पितळेची छोटी वाटी प्रेसमध्ये ओढून ओढून लांब करतात, दर ओढीला धातू कडक होतो म्हणून मधेमधे तापवून मऊ करावा लागतो, तांबट घागर ठोकताना भट्टीत घालतो अगदी तसंच. लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर तपकिरी झाक दिसते ना, ती या शेवटच्या तापवण्याची खूण, बरेच जण तिला गंज समजतात. ही तापवणी किती महत्त्वाची ते ब्रिटिश फौजेला भारतातच कळलं, पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवलेल्या पुंगळ्या आपोआप तडकायच्या, कारण न तापवल्याने आतून ताणलेलं राहिलेलं पितळ मुताच्या अमोनियाने फाटायचं.

पितळेचा खरा दोष वजन. ५.५६ मिमीच्या काडतुसात जवळपास निम्मं वजन पुंगळीचंच आणि ते जवानाच्या खांद्यावर. जर्मनीने जी-११ रायफलसाठी बिनपुंगळीचं काडतूस काढलं, पण उष्णता बाहेर न्यायला पुंगळीच नाही म्हणून तापलेल्या चेंबरमध्ये दारू आपोआप पेटायची, ते बऱ्यापैकी सोडवलं तोवर जर्मनीचं एकत्रीकरण झालं नि प्रोजेक्ट बारगळला. स्टीलची पुंगळी रशियात कधीचीच चालते, स्वस्त आहे, पण पितळेइतकी लवचिक नाही. पॉलिमरची, म्हणजे प्लास्टिकची, वजनाला हलकी पडते, पण बूड धातूचंच ठेवावं लागतं. अमेरिकन आर्मीने २०२२ मध्ये ६.८ मिमीच्या काडतुसासाठी पॉलिमरचं डिझाइन सोडून हायब्रिड घेतलं, म्हणजे बूड स्टीलचं आणि अंग पितळेचं, कारण ८०,००० पीएसआयच्या (दर चौरस इंचावर पौंड) आसपासचं प्रेशर नुसत्या पितळी बुडाला झेपत नाही.

मोठ्या तोफांत मात्र बदल होऊन गेलाय, अर्जुन रणगाड्याच्या १२० मिमी गोळ्याची पुंगळी बारासोबत जळून जाते, फक्त धातूचं बूड उरतं. रायफलमध्ये माझ्या मते पितळ इतक्यात जात नाही, फार तर बूड पितळेचं राहणार नाही. फायरिंग झाल्यावर रेंजवर वाकून एकेक रिकामी पुंगळी मोजून जमा करतात, ती वितळवून परत पितळच मिळतं, प्लास्टिकचं तसं नाही.