पार्श्वभूमी : इंजिन ऑइलमधलं चुंबक आणि त्याच्याकडे न पाहणारी मोजपट्टी

मोटारीच्या इंजिनात तेल आणि चुंबक सुरुवातीला एकत्र आले ते तेल स्वच्छ करण्यासाठी नव्हे. १९०८ साली आलेल्या मॉडेल टी मोटारीच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावर, मॅग्नेटोसाठी (ठिणगीची वीज तयार करणाऱ्या यंत्रणेसाठी) १६ चुंबकं बसवलेली असत. वेगळा ऑइल पंप नव्हता. हेच चाक तेलात फिरे आणि तेल उडवत राही. गिअरचं तेलही तेच. त्यामुळे लोखंडाचा कीस आपोआप चुंबकांकडे ओढला जाई, आणि मॅग्नेटोच्या संपर्काच्या टोकापाशी साचला की वीज शॉर्ट होई. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांना हा दोष आजही ओळखीचा आहे.

ऑइल फिल्टर त्यानंतर, १९२० च्या दशकात आला. सुरुवातीचे फिल्टर बायपास पद्धतीचे होते. पंपाने फेकलेल्या तेलाचा थोडासाच भाग त्यांतून जाई, बाकीचं तेल न गाळता थेट बेअरिंगकडे. सगळं तेल गाळून पुढे पाठवणारे फिल्टर दुसऱ्या महायुद्धानंतर रुळले. मधल्या काळात एका गोष्टीने चुंबकाचं नशीब पालटलं. १९३१ साली जपानमध्ये लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियमचा नवा चुंबकीय मिश्रधातू सापडला आणि त्यातून पुढे अल्निको चुंबकं तयार झाली. पोलादाची जुनी चुंबकं उष्णतेने आणि हादऱ्यांनी हळूहळू दुबळी होत. अल्निको तापलेल्या तेलातही टिकून राही. तेल काढायच्या भोकाला लावलेल्या ड्रेन बोल्टच्या टोकाला चुंबक बसवणं तेव्हापासून खरं व्यवहार्य झालं.

हा बोल्ट मोटारींपेक्षा विमानांनी जास्त मनावर घेतला. विमानाच्या इंजिनात चुंबक ठरावीक तासांनी काढून पाहायची शिस्त लागली. पुढे त्याच जागी चिप डिटेक्टर आले. त्यात दोन संपर्क चुंबकाजवळ, पण एकमेकांपासून वेगळे ठेवलेले असतात. धातूच्या कणांनी त्यांमधली फट भरली की सर्किट पूर्ण होतं आणि वैमानिकासमोर दिवा लागतो. नुसत्या बारीक भुकटीनेही दिवा लागू लागला, तेव्हा विजेचा झटका देऊन ती भुकटी जाळून टाकायची सोय झाली. झटक्यानंतरही दिवा विझला नाही, तर कण मोठा आहे आणि प्रकरण गंभीर आहे असं समजायचं. आपल्या विषयात हा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तेल साफ करणं हे चुंबकाचं काम इथे मागे पडलं; आत काय झिजतंय याची खबर देणं हे त्याचं मुख्य काम झालं. १९७० च्या दशकात फेरोग्राफी आली. तेलाचा नमुना उतरत्या काचपट्टीवरून चुंबकीय क्षेत्रातून वाहू द्यायचा, म्हणजे मोठे कण आधी आणि बारीक कण नंतर थांबतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा आकार वाचता येतो. लांब कुरळा कीस म्हणजे कातलं जातंय, चपटी खपली म्हणजे पृष्ठभाग थकून सुटतोय.

मोटारीच्या इंजिनात मात्र चुंबक दुय्यम राहिलं. यामागे एक निर्णय आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

फिल्टर किती चांगला, हे ठरवायचं तर तेलात काहीतरी ठरावीक घाण टाकावी लागते. ही घाण म्हणून अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटातली धूळ निवडली गेली. मुळात ती एअर फिल्टर तपासण्यासाठी वापरात होती. ती चाळून, ठरावीक मापांत विभागून मिळे, म्हणून ऑइल फिल्टरच्या आणि हायड्रॉलिक फिल्टरच्या चाचण्यांतही तीच आली. कण मोजणारी यंत्रंही त्याच धुळीवर जुळवलेली. या धुळीत मुख्यतः सिलिका, म्हणजे वाळूतलाच पदार्थ, असते, आणि सिलिकेला चुंबक ओढत नाही. म्हणजे जगातलं सर्वांत ताकदवान चुंबक या चाचणीत उभं केलं, तरी त्याच्या नावावर जवळपास शून्यच गुण पडणार.

निवडीमागचं कारण पोकळ नव्हतं. इंजिनाची झीज बऱ्याचदा बाहेरून आलेल्या धुळीनेच सुरू होते. सिलिकेचा कण पोलादाच्या कितीतरी भागांपेक्षा कठीण असतो. तो लायनर (सिलिंडरची आतली भिंत) आणि पिस्टनच्या रिंगच्या मधे सापडला की ओरखडा काढतो. धूळ अडवली तर लोखंड निघणारच नाही, असा हा युक्तिवाद. तो अर्धाच पुरा आहे. लायनरमधून निघालेला कण स्वतःही कठीण झालेला असतो आणि पुढच्या फेरीत तोच ओरखडे काढतो. एका कणामागून आणखी कण निघत राहतात. शिवाय थंड इंजिन सुरू होतानाची, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या टोकांवरची आणि कॅम फिरवणाऱ्या साखळीच्या सांध्यांमधली झीज व्हायला धूळ लागत नाही. हे सगळं लोखंड चाचणीच्या हिशोबात कुठेच नसतं.

ही चूक सुधारायची संधीही मिळाली होती. जुनी प्रमाण धूळ बनवणाऱ्यांनी १९९२ मध्ये तिचं उत्पादन थांबवलं. नवीन पदार्थ ठरवायचाच होता. धातूचा चुरा, काजळी आणि धूळ यांचं मिश्रण घेता आलं असतं. पण १९९७ च्या आंतरराष्ट्रीय मानकात पुन्हा खनिज धूळच ठरली, फक्त दळायची पद्धत आणि मापं बदलली. ऑइल फिल्टरच्या आजच्या मल्टिपास चाचणीचं (तेल फिल्टरमधून पुन्हापुन्हा फिरवायची चाचणी) मानक २००० साली निघालं तेही याच धुळीवर. त्याच सुमारास कण मोजण्याची पद्धतही नव्याने जुळवली गेली. जुन्या मोजणीत जो कण १५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होता, तो नव्या मोजणीत साधारण १४ चा झाला. ५ चा होता तो ६ च्या थोडा वर गेला. जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवून फिल्टरांची तुलना करणारे इथेच फसतात.

पुन्हापुन्हा तीच चाचणी केली तर तोच निकाल यावा, ही मानकाची गरज असते. लोखंडी चुरा गंजतो, एकमेकांना चिकटतो, मोजणी बिघडवतो. ही अडचण मान्यच आहे. पण सोयीसाठी घेतलेला निर्णय पुढे गुणवत्तेचा निकाल म्हणून वाचला गेला, हे बरोबर झालं नाही. चुंबक विकणाऱ्यांनी मग स्वतःच्या चाचण्या काढल्या. त्यात स्वच्छ, जाडसर लोखंडी भुकटी तेलात टाकायची आणि चुंबकाने ती जवळपास सगळी ओढली असं दाखवायचं. अशा चाचणीलाही काही अर्थ नाही.

कारण खरी अडचण बारीक कणांची आहे. कणावरचं चुंबकाचं बळ त्याच्या घनफळानुसार बदलतं, तेलाचा विरोध मात्र त्रिज्येनुसार. २० मायक्रॉनच्या कणाऐवजी २ मायक्रॉनचा कण घेतला, तर ओढ हजार पटींनी कमी होते आणि विरोध फक्त दहा पटींनी. म्हणजे तो कण चुंबकाकडे शंभर पट हळू सरकणार. तेवढ्यात तेल त्याला पुढे घेऊन गेलेलं असतं. अंतर वाढलं तर बळ झपाट्याने घटतं. म्हणूनच चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखाली तेल साठवणाऱ्या भांड्याच्या, तळाशी, जिथे तेल त्या मानाने शांत असतं आणि परत परत येतं, तिथलं चुंबक वेगाने तेल वाहणाऱ्या नळीतल्या चुंबकापेक्षा जास्त काम करतं.

१९८४ च्या सुमारास निओडिमियमची चुंबकं आली आणि हा धंदा पुन्हा फोफावला. फिल्टरच्या डब्याबाहेर गुंडाळायचे पट्टे आणि कड्या याच काळातल्या. डब्याचा पत्रा बरंचसं चुंबकीय क्षेत्र स्वतःतच वळवून घेतो, त्यामुळे कमजोर चुंबकाचा आत काहीच परिणाम होत नाही. जोरदार चुंबक असलं तर पत्र्याला पुरून उरतं. जागा मात्र चांगली आहे. बहुतेक फिल्टरांत तेल बाहेरच्या बाजूने शिरतं आणि कागदातून मधल्या नळीत जातं. म्हणजे भिंतीवर अडकलेला चुरा सुटलाच तरी पुढे कागद आहे. निओडिमियमची दुखरी बाजू उष्णतेची. साध्या प्रतीची चुंबकं ८० अंशांपर्यंतच भरवशाची, आणि चालत्या इंजिनातलं तेल सहज १०० च्या आसपास असतं. जास्त तापमान सोसणारी प्रत किंवा समेरियम-कोबाल्टचं चुंबक न वापरता बनवलेला स्वस्त बोल्ट काही महिन्यांत मंदावतो, बोल्टवर चुरा कमी दिसतो, आणि वापरणाऱ्याला वाटतं, इंजिन सुधारलं.

याच काळात इंजिनही बदललं. ॲल्युमिनियमचे पिस्टन, हेड आणि ब्लॉक, बेअरिंग शेलवरचा कथील-तांब्याचा थर यांपैकी काहीच चुंबकाला लागत नाही. बेअरिंग जात असताना बोल्ट कोरा निघू शकतो. उलट नव्या गाडीच्या पहिल्या ऑइलला बोल्टवर काजळासारखा मऊ, राखाडी-काळा लेप जाड बसलेला असतो आणि माणूस घाबरतो. रिंगा आणि लायनर एकमेकांना बसतानाचा तो चुरा असतो. बोटांत चोळून पाहावं. मऊ राहिला तर काळजी नाही, सुईसारखं टोचलं किंवा नखाएवढी चकचकीत खपली निघाली तर चेंबर उघडायलाच हवा.

गिअरबॉक्सने हा वाद कधी घातलाच नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या चेंबरमध्ये कारखान्यातूनच चुंबकाच्या चकत्या येतात, डिफरन्शियलच्या (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरसंचाच्या) बोल्टलाही चुंबक असतं, कारण तिथे झिजणारं बहुतेक सगळं पोलाद आहे आणि बारीक फिल्टर क्वचितच असतो. इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात चालवणाऱ्या अनेक मोटारसायकलींनाही असा बोल्ट मूळचाच मिळतो. विमानांत आणि पवनचक्क्यांत आता तारेच्या वेटोळ्यांमधून तेल नेऊन, प्रत्येक कण जाताना उमटणाऱ्या विद्युत संकेतावरून तो लोखंडी की बिनलोखंडी हे ओळखणारे सेन्सर आहेत. मोटारीच्या इंजिनापर्यंत ते पोचलेले नाहीत. विजेच्या गाड्यांत इंजिन ऑइलच उरलं नाही, पण त्यांच्या गिअरच्या डब्यातल्या तेलाला चुंबक लागतंच, आणि तिथे ते बसवायचं की नाही याचा निकाल ॲरिझोनाच्या धुळीवर ठरत नाही.