झोपायची नव्हे, उठायची वेळ पाळा

सकाळी अकराला साहेब चिडले आणि छाती धडधडली, यात बिघाड काहीच नाही. तीच धडधड रात्री अकरालाही चालू असेल, तर मात्र बघायला हवं. ताण आला की मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतात, नाडी वाढते, रक्तातली साखर वाढते. प्रसंग टळला की हे सगळं ओसरायचं असतं. ते नीट न ओसरल्याने शरीराची जी झीज साचत जाते, तिला ब्रूस मॅकएवेन आणि एलियट स्टेलर या मेंदूशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये ‘ॲलोस्टॅटिक लोड’ असं नाव दिलं. मन खंबीर आहे का, हा प्रश्न बराचसा या ओसरण्याच्या वेगाचा आहे. आणि तो वेग सगळ्यात आधी बिघडतो तो अपुऱ्या झोपेमुळे.

२००७ साली २६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग झाला. काहींना सुमारे ३५ तास जागं ठेवलं, बाकीचे घरी नेहमीसारखे झोपले. मग एमआरआय यंत्रात सगळ्यांना साध्यापासून अगदी त्रासदायकपर्यंत चित्रं दाखवली. भीती-रागाशी निगडित असलेला, बदामाएवढा अमिग्डला हा मेंदूचा भाग जागलेल्यांमध्ये सुमारे ६० टक्के जास्त पेटला. त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी त्याचा संपर्कही क्षीण झाला होता. जागरणानंतर पोरांवर उगाच खेकसणं होतं, त्यामागे स्वभावापेक्षा हे कारण मोठं असतं.

इथे बहुतेक जण एक चूक करतात: ‘आजपासून दहाला झोपायचं’ असं ठरवतात. पण झोप हुकमावर येत नाही. झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या आणि आजही वापरात असलेल्या प्रारूपानुसार झोपेला दोन गोष्टी लागतात. एक, जागेपणी तासागणिक साचत जाणारा झोपेचा दाब. दोन, शरीरातल्या घड्याळाची वेळ. दाब पुरेसा नसताना अंथरुणात शिरलं की तासभर छताकडे बघणं होतं, आणि रिकामं डोकं काळज्या उकरायला मोकळं. उठण्याची वेळ मात्र आपल्या हातात असते. ती पक्की केली की झोपेची वेळ आठ-दहा दिवसांत मागोमाग सरकत येते.

म्हणून रोज सहाला उठत असाल तर रविवारी साडेसहा, फार तर सात. साडेनऊ नको. सहाचे साडेनऊ म्हणजे साडेतीन तास; उन्हाळ्यात मुंबई आणि म्युनिक यांच्या घड्याळांत नेमका एवढाच फरक असतो. शनिवारी रात्री शरीर जर्मनीला पाठवायचं आणि सोमवारी पहाटे परत बोलवायचं! म्युनिकचेच संशोधक टिल रोनेबर्ग आणि त्यांचे सहकारी याला ‘सोशल जेटलॅग’ म्हणतात. सोमवारच्या चिडचिडीचा थोडा दोष ऑफिसचा असेलही, पण थोडा रविवारच्या लोळण्याचा असतो.

उठल्यावर तासाभरात वीस-तीस मिनिटं उघड्यावर जा. गच्ची, अंगण, दूध आणायचा रस्ता, काहीही चालेल. डोळ्याच्या पडद्यात मेलॅनॉप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या काही पेशी असतात. त्या मेंदूतल्या घड्याळाला दिवस उजाडल्याचं कळवतात आणि त्यांना भरपूर उजेड लागतो. ट्यूबलाइटच्या खोलीत जेमतेम दोन-तीनशे लक्स (उजेडाचं माप) असतात, बाहेर ढगाळ सकाळीही काही हजार. त्यामुळे पावसाळ्यातही छत्री घेऊन निघायला हरकत नाही. सूर्याकडे मात्र बघायचं नाही.

पहिल्या आठवड्यात दुपारी डोळे मिटतील. वामकुक्षी घ्या, पण वीस मिनिटांची आणि तीनच्या आत. (एक ते चार बंद ठेवणाऱ्या पुणेरी दुकानदारांनी क्षमा करावी.) अर्ध्या तासापुढे गाढ झोप लागू शकते, मग उठल्यावर डोकं जड होतं आणि रात्रीसाठी साचवलेला दाबही खर्च होतो.

चहा-कॉफीचा हिशेबही त्याच दाबाशी आहे. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन साचतं आणि त्याने पेंग येते; कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं. त्यातलं निम्मं शरीरातून जायला साधारण पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी पाचला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन रात्री दहालाही आत असतं. शेवटचा कप दुपारी दोनच्या सुमारास घ्यावा. ‘मला कॉफीने काही होत नाही, मी लगेच झोपतो’ असं सांगणाऱ्यांना झोप लागत असेलही, पण ती उथळ झालेली त्यांना कळत नाही.

दिवे मालवल्यावर वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही, तर उठा. मिनिटं मोजायला घड्याळ बघू नका, अंदाज पुरे. पडून तळमळत राहिलं की मेंदू अंथरुणाची सांगड तळमळण्याशी घालतो. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेला हा उपाय अजूनही निद्रानाशाच्या उपचारांत वापरतात. एका खोलीच्या घरात जायचं कुठे? गादी सोडून खुर्चीत बसलं तरी भागतं. मंद दिवा, कंटाळवाणं वाचन, आणि पेंग आली की परत आडवं व्हायचं.

डोक्यात उद्याची कामं फिरत असतील तर झोपण्याआधी पाच मिनिटं ती कागदावर उतरवा. २०१८ मध्ये ५७ तरुणांवर झालेल्या अभ्यासात उद्याची यादी लिहिणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. यादी जितकी बारकाव्याची, तितका फायदा जास्त. ‘बँकेचं काम’ असं न लिहिता ‘अकराला बँक, पासबुक आणि आधारची झेरॉक्स’ असं लिहावं.

आता दिवसाची धडधड. त्यासाठी संथ श्वास: चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा, पाच मिनिटांत तीस. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतूचा जोर वाढतो आणि नाडी मंदावते, म्हणून सोडणं लांबवायचं. बोटांना मुंग्या येऊ लागल्या किंवा गरगरलं, तर समजा की फार मोठे श्वास घेताय. रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातोय. गती तीच ठेवून श्वास लहान करा. आणि सराव शांत वेळी करा. भांडणाच्या ऐन भरात पहिल्यांदाच करून पाहिलं, तर बहुधा जमत नाही.

हे सगळं एकदम सुरू करू नये. आधी फक्त उठण्याची वेळ आणि उजेड. एकवीस दिवसांत सवय लागते ही निव्वळ बोलायची गोष्ट; लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या आणि २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात नव्या सवयीला लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ होता, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी लागले, निम्म्यांना जास्त; कुणाला १८ तर कुणाला २५४. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसं बिघडलं नाही.

काहींनी हे परस्पर करू नये. बायपोलर आजार (मन कधी अतिउत्साही तर कधी खोल उदास होण्याचा) असलेल्यांची झोप कमी झाली तर उन्मादाचा झटका येऊ शकतो. त्यांनी वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावं. घोरताना श्वास अडकत असेल, तर तपासणीला पर्याय नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर सवयींवर विसंबू नका. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.